दहा वर्षांनंतरचं काम: डोजोत नीट हरावं कसं

जपानात तलवार शिकायला लागल्यापासून अकराव्या वर्षी, डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, एका मंगळवारी सेन्सेईंनी, आमच्या गुरूंनी, हनुवटीनेच खूण करून मला समोरच्या बाजूला पाठवलं. "आजपासून उचिदाची तू." पुढे एक शब्द नाही. मला वाटलं, बढती मिळाली. घरी परतताना तोझाई लाइनच्या गाडीतून नवऱ्याला तसा मेसेजही टाकला. तीन महिन्यांत कळून चुकलं की बढती-बिढती काही नाही, इथून पुढे दर मंगळवारी आणि गुरुवारी हरण्याचं काम अंगावर आलंय.

1868 च्या मेइजी सत्ताबदलाच्या आधीपासून चालत आलेल्या जपानी युद्धविद्यांना कोर्यू म्हणतात. आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यांसारखीच ही घराणी. तलवारीच्या घराण्यांत बहुतेक ठिकाणी सामने नसतात, काता असतात, म्हणजे दोघांनी मिळून करायच्या ठरलेल्या हालचाली. एक जण वार करतो आणि शेवटी हरतो, तो उचिदाची. दुसरा त्या वारातून निसटून जिंकतो, तो शिदाची. काही घराण्यांत हे शब्द वेगळे आहेत, पण वाटणी बहुधा अशीच. आणि नवख्याला चक्रावणारी गोष्ट ही की हरणारा मोठा असतो आणि जिंकणारा धाकटा. केंदो म्हणजे जपानी तलवारबाजीचा आधुनिक खेळ, त्याच्या 1912 मध्ये ठरवलेल्या दहा कातांतही हेच आहे.

तेव्हा हे लिखाण नवख्यांसाठी नाही. जपानात एखाद्या डोजोत आठ-दहा वर्षं काढलीत, हाकामाची, म्हणजे सरावाच्या घोळदार चुणीदार वस्त्राची, घडी आता न बघता घालता येते, आणि एक दिवस "जरा नव्यांकडे बघ" असं सांगण्यात आलं, त्यांच्यासाठी आहे.

वार खरा हवा

नवा उचिदाची हमखास एक चूक करतो, ती म्हणजे दया. समोर सहाच महिने शिकलेला मुलगा उभा असतो, हातात एक मीटरहून किंचित लांब ओकची बोकुतो, म्हणजे लाकडी तलवार, आणि आपल्याला त्याच्या डोक्यावर मारायचं असतं. मन कचरतं. मग आपण दोनांपैकी एक गोष्ट करतो: अर्धं पाऊल कमी टाकतो, नाहीतर डोक्याऐवजी त्याच्या बोकुतोवर मारतो. दोन्हींत काता दिसायला छान होते. टकाटक आवाज येतो, सगळे खूश. पण तो मुलगा मात्र न येणारा वार चुकवायला शिकतो. पाच वर्षांनी तो खऱ्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसासमोर गेला की गडबडतो, आणि तोवर ती सवय मोडणं म्हणजे जुनाट वळणाचं अक्षर सुधारण्याइतकं कठीण झालेलं असतं.

स्वतःची तपासणी अशी करा. जोडीदाराला सांगा, आज हलू नकोस, फक्त उभा राहा. बोकुतो डोक्यावर घ्या, नेहमीचं पाऊल टाका, नेहमीसारखाच वार करा आणि त्याच्या कपाळाच्या मूठभर वर थांबवा. तसंच थिजून राहा आणि बघा: तुमच्या बोकुतोचा कुठला भाग त्याच्या कपाळावर आलाय? टोकापासून साधारण वीतभर आतला भाग यायला हवा, तलवार कापते ती तिथे. नुसतं टोक नाकासमोर लोंबत असेल तर तुम्ही आखडताय. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझं टोक समोरच्या बाईंच्या नाकापासून चांगलं चार बोटं लांब होतं. आणि मी स्वतःला आमच्यातली कडक सेन्पाई, म्हणजे ज्येष्ठ, समजत होते!

वाराची दिशा आपली आपल्याला कळत नाही. कुणालातरी शिदाचीच्या मागे भिंतीला टेकवून उभं करा आणि विचारा की वार कुणाकडे येतोय. खरा वार असेल तर तो माणूस नकळत डोळे मिचकावतो. वार बाजूला जात असेल तर निवांत उभा असतो.

मग नवख्याला लागू नये म्हणून काय करायचं? वेग कमी करा. अंतराला हात लावू नका. डोजोतल्या कुणाचं एवढं एकच ऐकायचं असेल तर हे ऐका. सावकाश आलेला, पण खऱ्या अंतरावरून आणि खऱ्या रेषेत आलेला वार माणसाला सगळं शिकवतो. वेगाने आलेला खोटा वार नुसता घाम काढतो. शिदाचीला जेवढं आज जमतं त्याच्या किंचित पुढे, अगदी केसभर पुढे आपला वेग ठेवायचा. रोजचा माणूस असेल तर हा केसभर दर आठवड्याला सरकतो, आणि ते सरकवणं हेच उचिदाचीचं खरं कसब आहे.

इथे मी एकदा सपशेल चुकले आहे. चौदाव्या वर्षी माझ्यासमोर एक पोरगा होता. केंदो खेळून आलेला, हात विजेसारखा. माझ्या वाराची वाट न बघता तो आधीच निघायचा आणि मी हवेत मारत राहायचे. दोन-तीनदा तसं झालं. चौथ्या वेळी मी वेग वाढवला. शिकवायला नाही, राग आला म्हणून. त्याचा उजवा अंगठा माझ्या बोकुतोखाली आला, नख काळंनिळं. सेन्सेई ओरडले नाहीत. बर्फाची पिशवी आणवली, जोड्या बदलल्या, आणि त्या दिवसापासून तीन महिने मला फक्त पहिली काता दिली. पहिलीच. दर वेळी. तो पोरगा मात्र पुढच्या काता शिकत राहिला, दुसऱ्याच कुणाबरोबर. शिदाची आधी निघत असेल तर त्यावर उपाय वेग नव्हे. उपाय म्हणजे वार न करणं. बोकुतो डोक्यावर घेऊन नुसतं उभं राहायचं. तो निघतो, चुकवायला काहीच नसतं, आणि तो मोकळ्या जागेत एकटाच उभा राहतो. दोनदा असं झालं की तो बघायला लागतो. हे मला त्या तीन महिन्यांत समजलं.

हरल्यावरचं उभं राहणंही शिकायला लागतं. शिदाचीची बोकुतो आपल्या मनगटावर किंवा गळ्यासमोर येऊन थांबली की आपल्याला परत जायची घाई होते, कारण आपल्यासाठी काता संपलेली असते. त्याच्यासाठी संपलेली नसते. जिंकल्यावरही सावध राहणं, ज्याला झान्शिन म्हणतात, ते तो त्या दोन सेकंदांत शिकत असतो. त्याचं लक्ष ढळलं तर आपण मागे हटायचं नाही, उलट बोकुतोचं टोक जरासं त्याच्याकडे वळवायचं. त्याच्या लक्षात येतं. त्याने खरोखर दाबून धरलं की मगच एक-एक पाऊल मागे.

तोंड आवरा

आपण मराठी माणसं बोलकी, त्यात मी जरा जास्तच. उचिदाची झाल्यावर पहिलं वर्ष मी प्रत्येक कातानंतर थांबून समोरच्याला खांदा, कोपर, टाच, श्वास असं सगळं सांगायचे. एका बाईंनी शेवटी हसतहसत विचारलं, "आज यातलं कुठलं करू?" तेव्हापासून नियम केला: एका माणसाला एका संध्याकाळी एकच दुरुस्ती. तीही शक्यतो हाताने, तोंडाने नाही. कोपर वर जात असेल तर पुढच्या वेळी मी त्या कोपराखालच्या मोकळ्या जागेकडे टोक रोखते. सांगावं लागत नाही.

सेन्सेईंनी त्याला काही सांगितलं असेल तर आपण त्यावर भर घालायची नाही, "म्हणजे त्यांचं म्हणणं असं की" हे तर अजिबात नाही. दोन जुन्या माणसांची पद्धत थोडी वेगळी असणारच, त्यांनी वेगवेगळ्या दशकांत शिकलेलं असतं. नवख्याने विचारलं की बरोबर कुणाचं, तर उत्तर एकच: आज समोर जो उभा आहे त्याचं.

आणि आपल्याकडून काय काय उचललं जातंय याकडे डोळे उघडे ठेवा. पाहून शिकणं, मितोरी-गेइको, ही डोजोची मुख्य पद्धत, आणि पाहणारा निवड करत नाही. बोकुतो उचलायच्या आधी उजवी बाही किंचित झटकायची मला सवय आहे, बाही मनगटाला चिकटते म्हणून. गेल्या वर्षी बघते तर माझ्यासमोर शिकलेले चौघे बाही झटकतात. त्यातल्या एकाच्या बाह्या तर कोपराच्या वरच होत्या.

फडकं आणि बोकुतो

आमचा डोजो म्हणजे वॉर्डच्या क्रीडा केंद्रातला लाकडी फरशीचा हॉल, संध्याकाळी सात ते नऊ. तो मिळवणं, दर महिन्याच्या सोडतीत अर्ज टाकणं, एप्रिल ते मार्च चालणाऱ्या क्रीडा विम्यात सगळ्यांची नावं घालणं, हे सगळं जुन्यांच्या गळ्यात पडतं. कंटाळवाणं आहे. वही ठेवा आणि करा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फरशी पुसण्यात मात्र आहे. जुना झालो म्हणून झोकिन, म्हणजे पुसायचं फडकं, हातातून टाकू नका. बोकुतोची पकड शिकवायला याहून चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. बहुतेक जण फडकं आडवं धरून पिळतात, दोन्ही मुठी एका रेषेत, मनगटं वाकडी. ते उभं धरायला सांगा: डावा हात खाली, उजवा वर, बोकुतो धरल्यासारखा. आता दोन्ही हात आतल्या बाजूला वळवत पिळायचं. करंगळी आणि अनामिका आवळतात, तर्जनी आपोआप सैल राहते, कोपरं अंगाजवळ येतात आणि पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निघतं. वाराच्या शेवटी हातात हेच व्हायला हवं. मी नवख्याला पहिल्या दिवशी बोकुतो द्यायच्या आधी बादलीकडे नेते. कुणी नाराज झाला तर तेही लवकर कळलेलं बरं.

बोकुतोची तपासणी दर वेळी, सुरू करायच्या आधी. जपानातल्या बहुतेक बोकुतो मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो शहराकडून येतात, पांढऱ्या किंवा तांबड्या ओकच्या. चांगलं लाकूडही मार खाऊन तंतू सोडतं. सुती रुमाल मुठीपासून टोकापर्यंत ओढत न्या. जिथे धागा अडकेल तिथे बारीक पॉलिशपेपर फिरवा आणि तेलाचा हात लावा. मग दोन बोकुतो एकमेकींवर हलक्या आपटून आवाज ऐका. धडधाकट लाकूड खणखणतं, आतून तडकलेलं बद्द वाजतं. बद्द वाजली की ती बोकुतो बाद, कितीही लाडकी असली तरी. टेप गुंडाळून वापरणाऱ्या जुन्या माणसाचं कौतुक करू नका. तुटलेला तुकडा उडतो तो नेमका बाजूच्या जोडीकडे.

तलवारीचंही एक सांगून ठेवते. सरावाची बिनधारेची तलवार, इआइतो, मिश्रधातूची असते, तिला कागद लागत नाही. कुणी वारशातली खरी तलवार आणली तर म्यानातून काढायच्या आधी तिचं नोंदणीपत्र, तोरोकुशो, बरोबर आहे का ते विचारा. नसेल तर ती बॅगेतच राहील आणि तुम्ही लगेच सेन्सेईंना सांगाल. यात भीडभाड नको.

पाकीट, पदवी आणि "सेन्सेई"

महिन्याची गेश्शा, म्हणजे फी, गोळा करणं माझ्याकडे आहे. आमच्याकडे पाच हजार येन, बारा चौकटी छापलेल्या पाकिटात. पैसे काढून घ्यायचे, त्या महिन्याच्या चौकटीत शिक्का मारायचा, पाकीट दोन्ही हातांनी परत द्यायचं. कुणाच्या दोन चौकटी रिकाम्या राहिल्या तर सगळ्यांसमोर विचारायचं नाही. मी पाकीट परत देताना नुसती रिकाम्या चौकटींवर बोट ठेवते. एकदा एका विद्यार्थ्याची नोकरी गेली होती, तो त्या लाजेने यायचाच बंद झाला. तेव्हापासून बोट ठेवायच्या आधी मी जरा चेहरा बघते.

"ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतात?" हा प्रश्न दर एप्रिलला येतो. पट्ट्यांचा इतिहास उगाळू नका. दान ही पायरी ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी 1882 मध्ये आपली शाळा कोदोकान काढल्यावर, 1883 पासून ज्युदोत आणली. कोर्यूत त्याऐवजी कागद मिळतात: घराण्यागणिक नावं बदलतात, पण साधारण किरिगामी, मोकुरोकु, आणि सगळ्यात शेवटी मेन्क्यो काइदेन. मोकुरोकु म्हणजे शब्दशः यादी, शिकलेल्या कातांची. माझ्याकडे ती गुंडाळी आहे, कपाटात, हाकामांच्या खाली. प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढंच सांगते की इथे पट्टा नाही, पुढच्या गुरुवारी येणार का? जो येतो तो सहसा परत विचारत नाही.

नवखे तुम्हालाही "सेन्सेई" म्हणायला लागतील. पहिल्याच वेळी थांबवा. डोजोत सेन्सेई एकच. बाकी आपण सगळे नावापुढे "सान", आपल्याकडच्या "जी"सारखं. स्वतःची ओळख करून देताना स्वतःला सेन्सेई म्हणवून घेणारा माणूस जपानात कुणाच्या मनातून किती उतरतो हे त्याला कधीच कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

प्रेक्षकांसमोर

एंबु, म्हणजे जाहीर सादरीकरण, हे उचिदाचीच्या परीक्षेचं ठिकाण. 3 नोव्हेंबरला मेइजी जिंगू या देवस्थानात गवतावर होतं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला निप्पोन बुदोकान या सभागृहात. हॉलच्या फरशीवर वर्षभर घोटलेलं पाऊल गवतावर घसरतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये दोन-तीनदा जोडीदाराला घेऊन नदीकाठच्या गवतावर जा. आराकावाचा काठ आमच्या भागातल्यांना सोयीचा.

शिदाची पुढची हालचाल विसरला तर काय, हा प्रश्न जुन्यांना झोपू देत नाही. उत्तर सोपं आहे, करणं अवघड. तो ज्या पवित्र्यात उभा आहे त्या पवित्र्याला योग्य तो वार करा, तो कुठल्याही कातातला असला तरी. हात आठवतो. डोळ्यांनी खुणा करू नका, ओठ हलवू नका, थांबू तर नकाच. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोरचा मुलगा तिसरी काता सोडून पाचवीत गेला, मीही गेले, मग आम्ही तिसरी शेवटी केली. त्याच्या आईने फोनवर सगळं टिपलंय आणि तिला अजून पत्ता नाही.

सेन्सेई म्हातारे होतात तेव्हा

याबद्दल कुणी काही सांगत नाही, म्हणून मी अडखळतच लिहितेय. आमचे सेन्सेई आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. सेईझातून, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसलेल्या स्थितीतून, उठताना ते डावा हात फरशीला लावतात. तेव्हा धावून जाऊन हात द्यायचा नाही. त्यांच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, आपली काहीतरी आवराआवर चालू ठेवायची. लागलंच तर आपण तिथे आहोत एवढं पुरतं. त्यांची पिशवी मात्र उचला, ती तर ते ऐंशीचे नसतानाही उचलायचीच होती.

अवघड भाग पुढे आहे. कधीतरी ते म्हणतात, "ये," आणि स्वतः उचिदाचीच्या बाजूला जाऊन उभे राहतात. तुम्ही परत शिदाची. त्यांचा वार आता हळू येतो. मन सांगतं, आपणही हळू करूया, सांभाळून घेऊया. मी ते एकदा केलं. त्यांनी बोकुतो खाली केली आणि विचारलं, "तुला काय दिसलं?" मला सांगता येईना, कारण मी त्यांच्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या वयाकडे बघत होते.

करायचं ते असं: जे धाकट्यांना सांगता तेच स्वतः करा. ते हलल्याशिवाय हलू नका. खरोखर वाट बघितली की तुमचा वेग आपसूक त्यांच्या वेगाला लागतो, वेगळं सांभाळून घ्यावं लागत नाही. आणि मग दिसतं की वार हळू असला तरी कपाळावर जिथे यायला हवा तिथेच येतोय, वीतभर आतला भाग, एक बोटही इकडेतिकडे नाही.

हल्ली गुरुवारी ते बहुतेक वेळ कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर बसून असतात, बोकुतो गुडघ्यांवर आडवी. मी नव्यांसमोर उचिदाची करताना अंतर आखडलं की ते बोकुतोचं बूड फरशीवर एकदा आपटतात. टक. नव्यांना वाटतं त्यांच्यासाठी आहे आणि ते ताठ होतात. मी त्यांना सांगत नाही. मागच्या गुरुवारी दोनदा वाजलं.